बुगाटीचा जीर्णोद्धार

फ्रान्सच्या पूर्व सरहद्दीवर, ऱ्हाइन नदी आणि व्होझ पर्वत यांच्या दरम्यान, आल्सास नावाचा एक चिंचोळा प्रांत आहे. १८७१ ते १९४५ या पाऊणशे वर्षांत त्याने चार वेळा राष्ट्र बदलले. कधी तो जर्मनांचा झाला, कधी फ्रेंचांचा. या प्रांतातील मोल्सेम नावाच्या लहानशा गावी, कापड रंगवण्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात, १९०९-१० च्या सुमारास एका तरुण इटालियन माणसाने मोटारी बनवण्यास आरंभ केला. त्याचे नाव एतोरे बुगाटी. बाप उंची लाकूडसामान घडवणारा कलावंत, धाकटा भाऊ रेंब्रां हा प्राण्यांची शिल्पे घडवणारा नामांकित शिल्पकार. अशा घरात १८८१ साली मिलान येथे जन्मलेल्या या माणसाने आपले हात लोखंडाला लावले आणि घराण्याची कला तेथे आणली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मोल्सेमच्या निळ्या मोटारींनी युरोपातील शर्यती गाजवल्या. पण कारखान्याचा विस्तार कधी फारसा झाला नाही. सर्व प्रकार धरून तेथे निर्माण झालेल्या मोटारींची संख्या आठ हजारांच्या आतबाहेर भरते. अमेरिकेतील मोठे कारखाने एवढ्या गाड्या थोड्या दिवसांत रस्त्यावर सोडीत. १९३९ च्या ऑगस्टमध्ये एतोरेचा कर्तबगार मुलगा जाँ हा मोटारीची चाचणी घेत असताना अपघातात मरण पावला. तीन आठवड्यांच्या आत युद्ध पेटले. १९४७ च्या ऑगस्टमध्ये एतोरे गेला, आणि १९६३ साली कारखाना दुसऱ्याच्या हाती विकला गेला. त्यानंतर जगात विखुरलेल्या बुगाटी गाड्या एका अर्थी अनाथ झाल्या. त्या अनाथांना कोणी कसे विकत घेतले, कसे उभे केले, आणि त्या उद्योगाची किंमत शेवटी कोणाला मोजावी लागली, याचा हा इतिहास आहे.

मोटारीच्या आयुष्यात एक मोठा अभागी काळ असतो. नवी असते तोवर ती मिरवते. पन्नाशी उलटली की तिला वयाचा मान मिळतो, लोक थांबून पाहतात. मधली वीस-तीस वर्षे मात्र तिला कोणी वाली नसतो. ती नवी नसते आणि पुरेशी जुनीही नसते. ती केवळ एक जुनाट, पेट्रोल पिणारी, वाटेत बंद पडणारी अडगळ असते. शर्यतीच्या मोटारीचे तर याहून वाईट. ज्या वेगासाठी तिचा जन्म झाला, तो वेग दहा वर्षांनी साध्या गाडीलाही साधतो, आणि मग तिच्यापाशी काय उरते? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आणि युरोपात असल्या शेकडो गाड्या भंगारात वितळल्या. ज्या वाचल्या त्यांतील पुष्कळशा कोणाच्या शहाणपणामुळे नव्हे, तर कोणाच्या आळसामुळे वाचल्या. गोठ्याच्या किंवा कोठाराच्या कोपऱ्यात ठेवलेली वस्तू बाहेर काढण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत, एवढाच त्यांचा पुण्यसंचय.

अशी एखादी गाडी कोणी हौसेने विकत घेतली म्हणजे त्याच्या पदरात नेमके काय पडते? १९२४ साली फ्रेंच ग्रां प्रीच्या शर्यतीसाठी ल्यों येथे प्रथम उतरलेली ‘टाइप ३५’ ही बुगाटी उदाहरणादाखल घेता येईल. तिचे इंजिन दोन लिटरचे, आठ सिलिंडरांचे. सर्वसाधारण इंजिनात सिलिंडरांवरचे झाकण, म्हणजे हेड, नटबोल्ट सोडवून वेगळे काढता येते, आणि मग आतले व्हॉल्व्ह घासून साफ करणे हे गावातल्या मिस्त्रीच्याही आवाक्यातले काम असते. बुगाटीने हेड आणि सिलिंडर एकाच ओतकामात केले. जोड नाही म्हणजे गळती नाही, हा त्याचा हिशेब. परंतु व्हॉल्व्ह घासायचे झाले की सिलिंडरांचे ठोकळेच्या ठोकळे उपसून काढावे लागतात. त्याचा क्रँकशाफ्टही एकसंध नव्हे. तो सुट्या भागांनी जुळवलेला, गोळ्यांच्या आणि रुळांच्या बेअरिंगवर फिरणारा. एक रूळ झिजला तरी सारा क्रँकशाफ्ट सोडवून पुन्हा केसाइतकाही फरक न ठेवता जुळवावा लागतो. इंजिनाचे कित्येक सांधे गॅसकेटवाचून बसवलेले. धातूचे पृष्ठभाग हाताने इतके तासलेले की एकमेकांवर ठेवले की तेलाला वाट मिळू नये. चाके अल्युमिनियमची, ब्रेकच्या ड्रमसकट एकत्र ओतलेली. पुढचा आस पोकळ, आणि त्याच्या पोटातून स्प्रिंगा आरपार गेलेल्या. हे सर्व नवे असताना पाहणाऱ्याला धन्य वाटे. तीस वर्षांनी, गंजलेल्या अवस्थेत, तेच पाहून मिस्त्री कपाळाला हात लावी.

बंद झाकणाच्या गाड्यांत आणखी एक संकट असे. वरचा पत्रा दिसतो तो अल्युमिनियमचा, पण त्याच्या आतला सांगाडा ॲश जातीच्या लाकडाचा. पाणी झिरपून लाकूड कुजते, बाहेरून काही कळत नाही, आणि दार उघडायला जावे तर दार हातात येते. म्हणून असली गाडी उभी करायची म्हणजे एका मिस्त्रीचे काम नव्हे. सुतार हवा, पत्रा ठोकून गोलाई आणणारा हवा, ओतारी हवा, बैठकीचे चामडे शिवणारा जीनगर हवा, रंगारी हवा. एक अख्खा बलुता गोळा करावा लागतो. शिवाय सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. जो भाग गेला तो नमुन्यावरून नवा घडवावा लागतो. या कारखान्याची एक चाल मात्र पुढच्या पिढ्यांच्या उपयोगी पडली. चासी, इंजिन, गिअरपेटी यांवर क्रमांक ठोकलेले असत. ते जुळले की गाडी एकाच कुळातली. न जुळले तर दोन-तीन प्रेतांचे अवयव एकत्र करून उभा केलेला तो पुतळा आहे, हे जाणत्या गिऱ्हाइकाला उमगे.

या साऱ्या उद्योगातील सर्वांत विख्यात प्रकरण शर्यतीच्या गाडीचे नाही. ते बुगाटीने राजेमहाराजांसाठी म्हणून योजलेल्या ‘रोयाल’ या अवाढव्य मोटारीचे आहे. आठ सिलिंडर, सुमारे पावणेतेरा लिटरचे इंजिन, पुढच्या आणि मागच्या चाकांत ४.३ मीटरांचे अंतर, आणि रेडिएटरच्या टोपणावर रेंब्रांने पूर्वी घडवलेला सोंड उभारलेला हत्ती. नुसत्या चासीची किंमत तीस हजार डॉलरांच्या घरात होती. पंचवीस गाड्या बनवण्याचा बेत होता. १९२९ नंतर जगभर मंदी आली, स्पेनच्या राजाचे सिंहासन १९३१ मध्ये गेले, आणि राजा म्हणवणाऱ्या एकानेही ही मोटार घेतली नाही. एकंदर सहा गाड्या टिकल्या. त्यांतल्या तीनच मोल्सेमबाहेरच्या गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या. न खपलेल्या इंजिनांचे काय करावे, हा प्रश्न बुगाटीने मोठ्या युक्तीने सोडवला. ती त्याने आगगाडीच्या डब्यांत बसवली, आणि राजांसाठी बनलेली ती इंजिने १९३३ पासून फ्रेंच रेल्वेवर तिकीट काढलेल्या सामान्य उतारूंना वाहून नेऊ लागली.

त्या तीन गिऱ्हाइकांपैकी एक जर्मनीतील योसेफ फुक्स नावाचा प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर होता. त्याने १९३२ मध्ये म्युनिकच्या वाइनबेर्गर या कारागिराकडून आपल्या चासीवर उघड्या टपाची बॉडी बांधून घेतली. पुढे जर्मनीतील वातावरण बिघडत गेले, डॉक्टराने देश सोडला, आणि बरीच भटकंती करून १९३७ च्या सुमारास तो गाडीसह न्यूयॉर्कला पोहोचला. तेथल्या एका हिवाळ्यात इंजिनातले पाणी गोठले. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, आणि बिडाला ताण सोसत नाही. सिलिंडरच्या ठोकळ्याला तडा गेला. ज्या इंजिनाचा ठोकळा माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच, त्याला नवा ठोकळा कोठून आणणार? गाडी भंगारवाल्याकडे गेली.

चार्ल्स चेन हा त्या वेळी ब्यूइक मोटार कारखान्याचा मुख्य अभियंता होता. पुढे तो जनरल मोटर्सचा उपाध्यक्ष झाला. गाडी डॉक्टराकडे असतानाच ती त्याच्या मनात भरली होती. १९४० नंतरच्या दशकात ती त्याला न्यूयॉर्कमधील भंगाराच्या अड्ड्यात सापडली, आणि ती त्याने विकत घेतली. किंमत चारशे डॉलर सांगतात. दिवसाला हजारो इंजिने ओतणाऱ्या उद्योगाचा हा धुरीण, आणि त्याने घरी आणले ते हाताने घडवलेल्या, तडकलेल्या आणि जगात जोड नसलेल्या एका इंजिनाचे ओझे! १९४७ च्या सुमारास गाडी पुन्हा चालू लागली. पण चेन हा पुजारी नव्हता, अभियंता होता. मूळच्या एका कार्ब्युरेटरने हे धूड नीट श्वास घेत नाही असे त्याला दिसले. त्याने चार बसवले. मूळचा काळा-पिवळा रंग त्याला ठेवावासा वाटला नाही. त्याने गाडीला शिंपल्यासारखा पांढरा रंग दिला आणि हिरवी किनार केली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस चेन दांपत्याने ती डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयाला भेट दिली. ती तेथे आहे, पांढऱ्या रंगात.

चेनने केले ते योग्य केले काय? आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द देवळांच्या संदर्भात रूढ आहे. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून सोमनाथापर्यंत मंदिरे उभारली किंवा दुरुस्त केली, तेव्हा जुने दगड जसेच्या तसे राखावेत हा हेतू नव्हता. पूजा पुन्हा सुरू व्हावी हा हेतू होता. चेनची दृष्टी त्याच जातीची होती. मोटार ही धावण्यासाठी आहे; ती धावली म्हणजे जीर्णोद्धार झाला. याच्या उलट पंथ असा की, कारागिराचा हात जेथे जेथे लागला असेल ती प्रत्येक खूण राखावी, आणि गाडी बंद राहिली तरी चालेल. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. पण एवढे खरे की चेनने ती उचलली नसती, तर वाद घालायला रोयाल सहाऐवजी पाचच उरल्या असत्या. १९८५ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे सहाही प्रथमच एकत्र उभ्या राहिल्या.

त्याच काळात रोयालची दुसरी एक जोडी अटलांटिक ओलांडून गेली, तिची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. बुगाटी कुटुंबाने जर्मन सैन्यापासून लपवण्यासाठी काही गाड्या भिंतीआड चिणून ठेवल्या होत्या. १९५० मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकन शर्यतपटूने त्यांतल्या दोन घेतल्या. किंमत म्हणून थोडी रोकड आणि जनरल इलेक्ट्रिकची दोन नवी शीतकपाटे दिल्याचे सांगितले जाते, कारण युद्धोत्तर फ्रान्समध्ये शीतकपाट दुर्मीळ होते. १९८७ मध्ये त्यांतली एक गाडी लंडनच्या लिलावात ५५ लाख पौंडांना गेली. शीतकपाटांचे पुढे काय झाले, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

आता म्यूलूझ. मोल्सेमच्या दक्षिणेस याच आल्सास प्रांतात हे शहर आहे; कापडगिरण्यांचे जुने केंद्र. हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ हे दोन भाऊ, बाप स्विस, आई म्यूलूझची, दोघांचाही जन्म इटलीतला. १९०४ आणि १९०६ हे त्यांचे जन्मसाल. १९३५ मध्ये त्यांनी लोकरीच्या धंद्यासाठी कंपनी काढली, आणि युद्धानंतर एकामागून एक लोकरगिरण्या ताब्यात घेतल्या. हान्स हिशेबी, फ्रिट्झ महत्त्वाकांक्षी. दोघांची मातृभक्ती असामान्य होती. पुढचा सारा संग्रह त्यांनी आईच्या नावे अर्पण केला. फ्रिट्झला बुगाटीचे वेड तरुणपणापासून होते. १९६० नंतर त्या वेडाने गिऱ्हाइकाचे रूप टाकून फौजेचे रूप घेतले.

इंग्लंडमध्ये १९२९ पासून बुगाटीधारकांचा एक क्लब होता, आणि ह्यू कॉनवे या अभियंत्याने जगातील ज्ञात बुगाटींची नोंदवही परिश्रमाने तयार केली होती. आपल्या छंदबंधूंनी एकमेकांना मदत करावी, सुट्या भागांची देवघेव व्हावी, हा तिचा हेतू. श्लुम्फच्या हाती ती पडल्यावर तिचा उपयोग सावकाराच्या खतावणीसारखा झाला. एकामागून एक मालकांना पत्रे गेली: गाडी विकणार काय? मोल्सेमचा कारखाना विकला गेला त्या १९६३ सालीच बुगाटीच्या स्वतःच्या संग्रहातील गाड्यांचा एक मोठा गट श्लुम्फने घेतला, आणि त्यात ‘नेपोलियन’ नावाने ओळखली जाणारी एतोरेची खासगी रोयालही होती.

त्या काळी एका माणसाकडे असलेला बुगाटींचा सर्वांत मोठा संग्रह अमेरिकेतील इलिनॉय राज्यात होता. मालकाचे नाव जॉन शेक्सपिअर. आडनाव महाकवीचे, पण या शेक्सपिअरचा शौक वेगळा. त्याच्याजवळ तीस बुगाटी होत्या, आणि त्यांत लंडनमध्ये बॉडी बांधलेली एक रोयालही होती. संग्रहाची पाहणी करून आलेल्या जाणकाराने कळवले ते वाचून कोणाही रसिकाचा जीव हळहळावा. बहुतेक गाड्या मातीच्या जमिनीवर उभ्या, छप्पर गळके, खिडक्या फुटलेल्या, गाड्यांवर पाखरांची घरटी; चालू स्थितीत एकही नाही. घासाघीस होऊन सौदा ८५,००० डॉलरांना ठरला. रोयाल धरून सरासरी काढली तर एका गाडीला तीन हजार डॉलरही पडत नाहीत. १९६४ च्या मार्च अखेरीस मोकळ्या वाघिणींवर चढवलेल्या त्या तीस गाड्यांची आगगाडी निघाली, आणि जहाजातून समुद्र ओलांडून त्या गाड्या म्यूलूझला आल्या. १९६७ च्या मध्यास श्लुम्फ बंधूंपाशी शंभरावर बुगाटी होत्या. बुगाटीखेरीज रोल्स-रॉइस, मर्सिडीज, गोर्दिनी यांचीही भरती चालूच होती.

हे सारे जेथे गेले ती जागा म्हणजे १९५७ मध्ये विकत घेतलेली म्यूलूझमधील एक जुनी लोकरगिरणी. तिच्या करवतीच्या दात्यांसारख्या छपराखाली, जेथे पूर्वी चात्यांचा घरघराट चाले, तेथे आता मोटारींचा कारखाना उभा राहिला. बनवण्याचा नव्हे, बरे करण्याचा. सुमारे चाळीस कारागीर तेथे काम करीत. सुतार, जीनगर, मिस्त्री, रंगारी, सगळे. येथे काय चालते हे बाहेर बोलायचे नाही, अशी लेखी अट त्यांच्यावर होती. गाड्या खोलल्या जात, एकेक भाग धुतला, तासला, मढवला जाई, आणि गाडी नव्यासारखी होऊन रांगेत जाऊन उभी राही. रांगांच्या मधून रस्ते आखले होते, आणि रस्त्यांच्या कडेने पॅरिसच्या अलेक्झांडर पुलावरील दिव्यांच्या नमुन्याचे शेकडो दीपस्तंभ उभारले होते. दिवे होते, रस्ते होते, मोटारी होत्या. माणसे मात्र नव्हती. दहा वर्षांहून अधिक काळ हे वैभव काही निवडक पाहुण्यांनीच पाहिले.

येथे हिशेबाची दुसरी बाजू येते. १९७० नंतर युरोपातील लोकरीचा धंदा उतरणीला लागला. स्वस्त परदेशी माल आला, कृत्रिम धाग्यांनी बाजार खाल्ला. गिरण्यांत नवी यंत्रे आणायला पैसा हवा होता. तो कोठे गेला हे गिरणीतल्या माणसाला ठाऊक नव्हते. त्याला फक्त पगार थकल्याचे आणि कामावरून कमी केल्याचे ठाऊक होते. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये मालमेर्सपाखच्या गिरणीत टाळेबंदीची वेळ आली, संप झाला, कामगारांनी मालकांना त्यांच्याच बंगल्यात कोंडले. पोलिसांनी सोडवल्यावर दोघे भाऊ सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरी गेले ते कायमचेच. आणि १९७७ च्या ७ मार्च रोजी संघटनेच्या कामगारांनी म्यूलूझमधील त्या बंद गिरणीची दारे उघडून आत प्रवेश केला.

आत गेलेल्या माणसांना काय वाटले असेल याची कल्पना करणे कठीण नाही. आपल्या पगाराला पैसा नाही असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापुढे शेकडो मोटारी झगझगीत दिव्यांखाली मैदानी फौजेसारख्या उभ्या होत्या. ज्या कारागिरांनी त्या उजळल्या तेही कामगारच होते, हा त्यातला आणखी एक पीळ. संतापाच्या भरात एक ऑस्टिन सेव्हन, तीही अजून दुरुस्त न झालेली, जाळण्यात आली. आत आणखी सहाशे आहेत, असे संघटनेच्या पुढाऱ्याने बजावले. धमकी स्पष्ट होती. पण धमकीपलीकडे हात गेला नाही. कामगारांनी गिरणीचा ताबा घेतला, तिला कामगारांचे संग्रहालय म्हणून खुले केले, आणि पुढची दोन वर्षे पहारा ठेवून, धूळ झाडून, गाड्या सांभाळल्या. लाखो लोक ते पाहून गेले. ज्या दारावर बारा वर्षे गुप्ततेचे कुलूप होते, ते उघडले संपकऱ्यांनी. आणि ज्या संग्रहाने आपले पोट मारले असे त्यांना वाटत होते, त्याची राखणही त्यांनीच केली. या इतिहासात मालकांच्या चिकाटीचे कौतुक अनेकांनी केले आहे. कामगारांच्या त्या दोन वर्षांच्या संयमाला त्या मानाने फार कमी ओळी मिळाल्या.

देणेकरी दाराशी उभे होते. गाड्या सुट्या सुट्या विकल्या असत्या तर जगभरचे संग्राहक तुटून पडले असते. ते होऊ नये म्हणून १९७८ मध्ये फ्रेंच शासनाने संपूर्ण संग्रहाला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला, आणि त्यामुळे तो मोडण्याची व देशाबाहेर नेण्याची वाट बंद झाली. १९८१ मध्ये नगरपालिका, प्रांतिक संस्था आणि इतर काहींनी मिळून स्थापलेल्या मंडळाने तो चार कोटी चाळीस लाख फ्रँकांना घेतला, आणि १९८२ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय मोटार संग्रहालय म्हणून तो लोकांस खुला झाला. त्या जुलैत मुंबईच्या गिरणगावात संपाचा सातवा महिना चालू होता. अठरा जानेवारीला बंद झालेल्या त्या गिरण्यांपैकी पुष्कळ पुढे पुन्हा पूर्ण चालल्याच नाहीत. त्यांच्या जागी काय उभे राहिले हे लालबाग-परळच्या रस्त्यांवरून जाणाऱ्याला सांगावे लागत नाही. म्यूलूझच्या गिरणीत निदान छप्पर आणि खांब जुने राहिले.

संग्रहालयाची मालकी बदलली तरी कोर्टकचेऱ्या संपल्या नाहीत. संग्रह कवडीमोलाने गेला, ही श्लुम्फ कुटुंबाची तक्रार अनेक वर्षे न्यायालयांपुढे होती. हान्स १९८९ मध्ये वारला, फ्रिट्झ १९९२ मध्ये. शेवटी मालमेर्सपाख येथे पडून असलेल्या, हात न लागलेल्या बासष्ट गाड्या फ्रिट्झच्या पत्नीकडे परत आल्या. जीर्णोद्धाराच्या रांगेत ज्यांची पाळी कधी आलीच नाही, अशा या गाड्या. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील संग्राहक पीटर मलिन याने त्या घेतल्या, आणि एक अनपेक्षित गोष्ट केली. त्याच्याजवळ पैसा होता, उत्तम कारागीर होते. तरी त्यांतल्या कित्येक गाड्या त्याने धूळ, गंज आणि फाटक्या गाद्यांसह तशाच मांडल्या.

रसिकांची दृष्टी या पन्नास-साठ वर्षांत किती पालटली याची साक्ष आणखी एका गाडीने दिली. १९२५ ची ‘ब्रेसिया’ जातीची एक लहान बुगाटी स्वित्झर्लंडमधील आस्कोना गावाजवळ माज्जोरे सरोवराच्या तळाशी, सुमारे पन्नास मीटर खोल, अनेक दशके पडून होती. जकातीचा भरणा न झाल्यामुळे अधिकाऱ्यांनी ती पाण्यात सोडली, असे सांगतात. १९६७ मध्ये पाणबुड्यांना ती दिसली, आणि २००९ च्या जुलैमध्ये स्थानिक पाणबुड्यांनी एका धर्मादाय कार्यासाठी ती वर काढली. वरच्या बाजूचा पत्रा खाऊन गेलेला, चिखलात रुतलेली बाजू आश्चर्यकारक शाबूत. टायरांत अजून हवा धरण्याइतका जीव. २०१० च्या जानेवारीत पॅरिसच्या लिलावात तिला २,६०,५०० युरो आले. चेनने पूर्ण रोयालसाठी मोजलेल्या चारशे डॉलरांशी हा आकडा ताडून पाहावा. ही गाडीही मलिननेच घेतली, आणि तिला कारागिराचा हात लावू दिला नाही. अंधाऱ्या दालनात, खालून दिवा टाकून, समुद्रातून निघालेल्या मूर्तीसारखी ती त्याने ठेवली.

दरम्यान दुसऱ्या टोकाला, अर्जेंटिनातील पाराना शहरी, एका कारखान्याने टाइप ३५ ची हुबेहूब प्रतिकृती नव्याने बनवायला घेतली होती; ओतकामापासून पोकळ आसापर्यंत. त्यामुळे आज एखादी जुनी टाइप ३५ घ्यायला निघालेल्या माणसापुढे चमत्कारिक प्रश्न उभा राहतो. अस्सल चासीवर नवे इंजिन, नव्या चासीवर अस्सल गिअरपेटी, अर्धी जुनी बॉडी आणि अर्धी परवा ठोकलेली: यांतले बुगाटी कशाला म्हणायचे? म्यूलूझमध्येही हा प्रश्न एका कोपऱ्यात उभा आहे. रोयालपैकी एस्देर्स नावाच्या फ्रेंच उद्योगपतीसाठी १९३२ मध्ये बांधलेली पहिली बॉडी पुढे काढून टाकली गेली होती. हा गृहस्थ रात्री गाडी चालवीत नसल्यामुळे त्याने तिला पुढचे दिवेच बसवू दिले नव्हते. श्लुम्फने जमवलेल्या अस्सल सुट्या भागांचा आधार घेऊन त्या गाडीची प्रतिकृती तयार झाली, आणि ती १९९० मध्ये पूर्ण झाली. दोन खऱ्या रोयालच्या शेजारी ही तिसरी, अजूनही दिव्यांविना, त्या जुन्या गिरणीच्या छपराखाली उभी आहे.